पयली पडझड मालकाच्या हातानं

मी पडले तेव्हा गाडीचा वेग भाजी आणायला निघालेल्या माणसाच्या चालीइतका होता. हे आधीच सांगून टाकते, कारण बाई मोटारसायकलवरून पडली म्हटलं की लोक लगेच ‘किती टाके?’ असं विचारतात. टाका एकही नाही. डावा गुडघा खरचटला, कोपराला मुका मार बसला आणि सलवार फाटली. बाकी जे मोडलं ते गाडीचं.

माझं वय त्रेपन्न. कर्वेनगरात राहते, तिथल्याच एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. स्कूटर तीस वर्षं चालवतेय, पण पुण्यात बाईला स्कूटर येणं म्हणजे पोळ्या येण्यासारखंच, त्याचं कौतुक कुणाला? मला हवी होती मोटारसायकल. माझ्या वडिलांकडे एक होती. भाऊ चौदा वर्षांचा झाला तसं त्याला मैदानावर नेऊन शिकवली. मी त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, तर मला म्हणाले, ‘तू पिशवी धर.’ दोन तास मी पिशवी धरून उन्हात उभी होते. ती पिशवी मी अजून विसरलेले नाही आणि भावालाही विसरू देत नाही.

तर गेल्या वर्षी गणपती उठले आणि मी लाल रंगाची, नवशिक्यांना बरी म्हणतात तशी हलकी मोटारसायकल घेऊन टाकली. आमचे हे चहाचा कप खाली ठेवत एवढंच म्हणाले, “पितृपक्षात?”

“पितृपक्षात शोरूममध्ये गर्दी नसते,” मी म्हटलं.

“बरोबर आहे. माझा काही असल्या गोष्टींवर विश्वास नाही.” मग कपाकडे बघत म्हणाले, “पण एक शर्त. एकदा पडलीस की गाडी विकायची.”

माझं डोकं तापायला एवढं पुरतं. “मान्य!” म्हणाले मी. उचलली जीभ लावली टाळ्याला. दिवसभर पोरांना ‘मुदत संपली, फॉर्म घेणार नाही’ असं सांगणारी बाई मी, शब्द फिरवणं मला जमत नाही. त्यामुळे पुढचे तीन आठवडे रोज सकाळी सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर मी जीव मुठीत धरून सराव केला आणि एकदाही पडले नाही.

ह्यांच्याविषयी एक सांगायला हवं. हे निवृत्त इलेक्ट्रिकल सुपरवायझर. घरातली कुठलीही वस्तू ढिली झाली की हे तिला तारेनं बांधतात. काळ्या वेष्टणाची बारीक तार, तिची रिळं कपाटात माझ्या साड्यांच्या शेजारी असतात. कपडे वाळत घालायची दांडी, पाण्याच्या टाकीचं झाकण, माझ्या चष्म्याची काडीसुद्धा. आणि बांधणं असं की हत्तीनं ओढलं तरी सुटायचं नाही. तारेचं टोक आत वळवायचं, म्हणजे कुणाला बोचत नाही, आणि वर काळ्या टेपचा छोटा तुकडा. तीस वर्षं मी हे तुकडे घरभर बघत आलेय.

दसऱ्याच्या सकाळी गाडीची पूजा झाली. मी आत चक्का फेटत होते, म्हणून हार घालायचं काम ह्यांनी स्वतःहून घेतलं. खाली येऊन बघते तर काय, दोन आरशांच्या मधोमध झेंडूचा आणि आंब्याच्या पानांचा जाडजूड हार, जागचा हलेल तर शपथ. मी म्हटलं, “अहो, देवळाच्या कमानीला घालतात एवढा!” हे नुसते हूं म्हणाले. दोन दिवसांपूर्वी लेकीनं नागपुरात नवीन फ्लॅट घेतला होता, तिची घरमांडणी करून द्यायला हे त्याच संध्याकाळी रेल्वेनं गेले. सहा दिवसांनी परत येणार होते. मला रजा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरावाला निघाले. हार तसाच ठेवला. नवा हार दुसऱ्याच दिवशी कोण काढतं? गाडी मिरवायला नको? एक फेरी मारून परत आले, सोसायटीच्या गेटातून आत यायला डावीकडे वळले आणि हँडल अर्ध्यात थांबलं. मला तेव्हा वाटलं, माझेच हात थांबले. गाडी डावीकडे झुकली, मी पाय टेकवला, पायाखाली वाळू. पुढचं मला एवढंच आठवतं की मी अगदी सावकाश पडत होते आणि पडता पडता ‘बाई गं, शर्त!’ असं म्हटलं.

तळमजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात. रोज सकाळी बाल्कनीत पेपर वाचतात. पेपर खाली करून ते म्हणाले, “वहिनी, उतरायची ही पद्धत नवीन दिसते.”

“हात द्या आणि मग बोला!” मी ओरडले.

आले बिचारे. दोघांनी मिळून गाडी उभी केली. क्लचची लिव्हर मधोमध तुटलेली, गिअरचा पाय आत वाकलेला, डावा इंडिकेटर वायरीला लोंबकळत होता, आरसा फुटला होता. झेंडूचा पार चोथा झाला होता. मी लाजेनं आणि रागानं तो हार ओरबाडून काढला आणि कुंडीत टाकला. “हे घरी नाहीत,” मी त्यांना बजावलं. “तुम्ही काही पाहिलेलं नाही.”

“मी? मी तर अग्रलेख वाचत होतो,” ते म्हणाले.

वर येऊन गुडघ्याला हळद लावतेय तोच फोन. हे नागपुरात पोचले होते. “पोचलो. हार काढलास का गं?”

हारावाचून माणसाला दुसरं काही सुचू नये? “काढला,” मी म्हटलं. आणि ते खोटं नव्हतं.

“सगळा? नीट?”

“अहो, झेंडूचा होता, सोन्याचा नव्हे!”

“गाडी नको काढूस मी येईपर्यंत.” फोन ठेवला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे माझ्यावर एवढाही भरवसा नाही! तेव्हाच ठरवलं, गाडी दुरुस्त करायची, पहिल्यासारखी करायची आणि ह्यांना कळू द्यायचं नाही. कळलं की विकावी लागणार, आणि विकायची म्हणजे मी पुन्हा पिशवी धरून उभी.

वारज्यात एक गॅरेज आहे, ते मी येताजाता बघितलं होतं. मिस्त्री तिथलाच, जुन्या गावचा. जिथं त्याच्या आजोबांचा ऊस होता तिथं आता चार मजली इमारत आणि खाली हा. चाळिशीचा, तोंड कमी उघडणारा. गॅरेजच्या दारावर पाटी: ‘आधी काय झालं ते सांगा. कुणामुळे झालं ते नंतर.’ गाडी छोट्या टेम्पोत घालून मी दुपारी तिथं पोचले. टेम्पोतून उतरवताना माझ्या लक्षात आलं की हँडल डावीकडे पुरतं वळतच नाही.

मिस्त्रीनं गाडीभोवती एक फेरी मारली. “कुटं पडलात, ताई?”

“सोसायटीच्या दारात. अहो, एक कुत्रं—”

त्यानं पाटीकडे बोट दाखवलं. कुत्रं नव्हतंच.

“पयल्यांदाच पडली?”

“हो.”

त्यानं भिंतीवरची एक जुनी पांढरी कापडी बंडी काढली, माझ्यापुढे धरली. “घाला. पयली पडझड मालकाच्या हातानं. माझा नियम हाय. मी सांगतो, तुमी करा.”

“मी? अहो, मला पाना धरता येत नाही!”

“गाडी धरता येतीय न्हवं? मग पाना काय.” त्यानं स्टूल पुढे सरकवलं. “जो आपल्या हातानं लिव्हर बसवतो तो परत येडंवाकडं पडत न्हाय. आनि पडला तरी रडत न्हाय.”

मला वाटलं, हा माणूस चेष्टा करतोय. पण नाही, तो खरोखरच शेजारच्या स्कूटरचं काम करायला बसला, पाठ माझ्याकडे आणि कान माझ्या पान्याकडे. बोल्ट उलटा फिरवला की पाठीमागूनच म्हणायचा, “दुसरीकडनं.” कसं कळायचं कोण जाणे.

कामाच्या आधी त्यानं हँडल हातात धरून डावीकडे रेटून बघितलं. अर्ध्यात अडकलं. “चिमटा वाकला असंल,” तो म्हणाला. चिमटा म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन दांडे, हे त्यानंच सांगितलं. “वाकला असला तर नवा मागवाया लागंल. धा दिवस.”

“मला पाच दिवसांत हवीय!”

“का?”

मी शर्तीची गोष्ट सांगितली. तो हसला नाही, ह्याबद्दल मी त्याची आभारी आहे. म्हणाला, “ते शेवटाला बगू. सोपं आदी.”

मग चार दिवस मी ऑफिसातून तीनलाच निघून वारज्याला जात होते. ऑफिसात सांगितलं, दातांचं काम आहे. पहिल्या दिवशी गिअरचा पाय सोडवला आणि तो ऐरणीवर ठेवून हातोडीनं सरळ केला. सुरुवातीला घाबरत घाबरत मारत होते. मग ते ‘तू पिशवी धर’ आठवलं आणि असा घाव बसला की मिस्त्री म्हणाला, “बास, बास, दुसरीकडं वाकंल.” दुसऱ्या दिवशी इंडिकेटर आणि आरसा. बोटांची नखं काळी झाली, ऑफिसात एक मुलगी म्हणाली, “मॅडम, दातांचं काम हातानं करतात का?” मी तिला फॉर्म पुन्हा भरायला लावला.

आणि काय सांगू, मला मजा यायला लागली होती. ग्रीसचा वास, बोल्ट बरोबर आट्यात बसला की हाताला कळतं ते, मिस्त्रीनं न वळता ‘हां’ म्हणणं. पण हँडलकडे नजर गेली की ते सगळं सुख आटायचं.

तिसऱ्या दिवशी क्लचची नवी लिव्हर. मी ती बसवली आणि बोल्ट सगळा जोर लावून आवळला. मिस्त्री उठून आला, पाना काढून घेतला आणि बोल्ट पाव आटा सोडवला.

“येवडं आवळू नगा. गाडी पडली तर लिव्हर जागेवर फिरली पायजे. लई घट्ट बसली की मोडती. तुमची तशीच मोडली.”

“कंपनीनंच घट्ट बसवली होती!”

त्यानं पुन्हा पाटीकडे बोट दाखवलं.

रोज संध्याकाळी ह्यांचा फोन यायचा. लेक बरी आहे, पडदे लागले, गॅसची शेगडी बसली. आणि शेवटी, दरवेळी, तेच. “गाडी काढली नाहीस ना? हार काढलास ना पूर्ण?” तिसऱ्या दिवशी तर मी म्हटलं, “अहो, हाराची राख करून गंगेत सोडू का?” “चालेल,” हे म्हणाले. ह्यांची तब्येत बरी आहे ना, अशी शंका मला चाटून गेली.

चौथा दिवस चिमट्याचा. मिस्त्री स्वतः खाली बसला, मला टॉर्च धरायला सांगितली. हेडलाइटच्या मागे केबलींचं जंजाळ असतं, त्यात त्यानं हात घातला. थांबला. मग मला म्हणाला, “ताई, हात घाला. उजवीकडं. ही केबल कंपनीची न्हाय.”

मी हात घातला. काळी, बारीक, ताठ. उजव्या आरशाच्या दांड्यापासून निघून खाली लेगगार्डला जाऊन पक्की बांधलेली. हँडल डावीकडे वळवलं की उजवी बाजू पुढे जाते, तार ताणली जाते आणि हँडल अर्ध्यात थांबतं. टोक हाताला बोचलं नाही, आत वळवलेलं होतं. त्यावर काळ्या टेपचा छोटा तुकडा.

“चिमटा ठनठनीत हाय,” मिस्त्री म्हणाला. “ह्या तारंनं पाडलं तुमाला.” पक्कडीनं त्यानं तार तोडली आणि हँडल सरळ डावीकडे टोकाला जाऊन भिडलं. मी अक्षरशः ओरडले आनंदानं. मग एका क्षणात असा राग आला की काय सांगू! चोर तो चोर वर शिरजोर. मला पाडायचं ह्यांनी, आणि शर्त हरायची मी!

आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. ग्रीसच्या हातानं मी तो उचलला.

“हार काढलास ना गं? नीट काढलास ना सगळा?”

आवाज इतका बारीक होता. चार दिवस रोज हेच विचारत होते आणि मी ऐकत नव्हते. ह्यांना आठवलं होतं. आपण कुठून कुठे तार नेली ते ह्यांना नागपूरच्या वाटेवर आठवलं होतं, आणि फोनवर कबूल करायची हिंमत नव्हती. पितृपक्षावर विश्वास नसलेला माणूस दसऱ्याच्या सकाळी पार्किंगमध्ये उकिडवा बसून, माझा हार वाऱ्यानं पडू नये, अपशकुन होऊ नये म्हणून तार पिळत बसला होता. मला राग होताच, तो कुठे गेला नव्हता. पण त्याच्या वरताण माया दाटून आली.

“काढला,” मी म्हटलं. “आत्ताच काढला सगळा.”

“आत्ता?” हे म्हणाले.

मी फोन ठेवला. तार पर्समध्ये टाकली. मिस्त्रीनं विचारलं, “कुनी बांधली?” मी त्याच्या पाटीकडे बोट दाखवलं. तेव्हा कुठे तो पहिल्यांदा हसला.

गाडी मी स्वतः चालवत वारज्याहून घरी आणली. डागडुजी अशी की सांगितल्याशिवाय कळू नये, मिस्त्रीनं टाकीवरचा ओरखडासुद्धा घासून घालवला होता. म्हणजे मी तोंड मिटून बसले असते तर गाडी राहिलीच असती. मनात दुसरा बेतही होता, तो जास्त गोड: हे आले की चहाच्या बशीत तार ठेवायची. रात्रभर त्याचे संवाद जुळवत होते.

हे आले ते वर आलेच नाहीत. बॅग जिन्यात ठेवून थेट पार्किंगमध्ये. मी तार मुठीत घेऊन खाली धावले. हे गाडीपाशी उभे होते. हँडल डावीकडे टोकापर्यंत वळवलं, उजवीकडे टोकापर्यंत वळवलं. मग वाकून लेगगार्डपाशी बोट फिरवलं, जिथं तार होती तिथं. वळले तेव्हा चेहरा पांढरा पडला होता.

“मी तार बांधली होती,” हे म्हणाले. “हार झुलत होता. भुसावळला आठवलं की हँडल वळणार नाही. फोनवर सांगवेना. तू... पडली नाहीस ना?”

माझे सगळे संवाद विरून गेले. नाही म्हटलं असतं तर गाडी माझी, आणि ह्यांची झोपही शाबूत. पण शब्द तो शब्द. मी मूठ उघडली.

“पडले. डाव्या बाजूला. गुडघा खरचटला. लिव्हर मोडली होती, मी बसवली. माझ्या हातानं.” आणि किल्ली पुढे केली. “शर्त.”

तळमजल्याच्या बाल्कनीतून आवाज आला, “हुश्श! पाच दिवस पोटात धरून बसलो होतो.”

हे पार्किंगच्या कट्ट्यावर बसले. मोठ्या माणसाचे डोळे असे भरून आले की मला बघवेना. “मला गाडीची भीती कधीच नव्हती,” हे म्हणाले. “तू घरी न येण्याची होती. म्हणून शर्त लावली. आणि पाडलं कुणी? मीच.”

“पुढच्या वेळी सांगून पाडा, म्हणजे मी जुना ड्रेस घालेन,” मी म्हटलं.

ह्यांनी किल्ली घेतली, बघितली आणि माझ्या हातात परत ठेवली. मग उठून, जन्मात पहिल्यांदा, माझ्या मागे बसले. आम्ही गेटपर्यंत गेलो, बाहेर पडलो, फिरून परत आलो. डावीकडच्या त्या वळणाला ह्यांनी माझे खांदे असे आवळले की हँडलच हलेना.

“अहो, थोडं ढिलं धरा,” मी म्हटलं. “घट्ट धरलं की मोडतं.”

ह्यांनी हात सैल केले. आम्ही वळलो.

यंदाच्या दसऱ्याला हार पुन्हा ह्यांनीच बांधला. मी खाली उभी राहून बघत होते. आधी हँडल डावीकडे टोकापर्यंत, मग उजवीकडे. तारेचं रीळ वरच ठेवलं होतं. खिशातून सुती दोरा काढला, एकच गाठ मारली आणि मला म्हणाले, “ओढून बघ.”

मी ओढला. दोरा तुटला, हार माझ्या पायाशी पडला.

“छान,” हे म्हणाले आणि दुसरा दोरा तोडून घेतला.